बद्द

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी
बिल्डरने दोन ओबेलिस्क उभे केलेत.
फायबरचे, वीस फुटी, सोनेरी टोकाचे.
सोसायटीचं नाव लक्झर, म्हणून.
क्रेन सकाळी नऊला आली
आणि अकराच्या आत पामबीचकडे वळलीसुद्धा.

रात्रपाळीचा तिम्मा अलकुंटे
पहिल्याच रात्री काठी घेऊन गेला,
उजव्याला एक ठोका दिला.
बद्द.
डाव्याला दिला. तोही बद्द.
"मॅडम, बाई मडकं घेती तरी वाजवून घेती."

मग मला जे माहीत होतं ते मी सांगितलं.
खरा म्हणजे एकच दगड, अखंड.
सूर्याचा किरण उतरताना
कुणीतरी मुठीत धरून ठेवावा तसा.
टोकाला सोन्याचांदीचा पत्रा,
की उजाडताना ऊन आधी तिथे पडावं,
जमिनीवर नंतर.

"फोडला कशानं?"

मला वाटलं होतं, तो राजाचं नाव विचारेल.

लोखंड नव्हतं, मी म्हटलं, सुरुंग तर नाहीच.
काळ्या दगडाचे गोटे दोन्ही हातांत धरून
लाल खडकावर आपटायचे. दिवसभर.
कपची निघत नसे. पीठ पडायचं.

"काळा म्हंजी आपला?"

आपलाच. चुलतभाऊ.
तोही पृथ्वीच्या पोटातून वितळून निघालेला,
फक्त वर पोचला नाही,
आतल्या आत सावकाश निवला.

तिम्माने आमच्या बिल्डिंगकडे हात केला,
म्हणजे तिच्याआड असलेल्या तुर्भ्याच्या डोंगराकडे,
अर्ध्या.
उरलेला अर्धा आमच्या पायाखाली आहे
खडी होऊन.
"बारा वर्सं. आधी सुतकी, मग ड्रिल.
दगडाला शीर आसती मॅडम.
गावली तर पोर बी फोडंल.
न्हाई गावली तर दगड तुमाला फोडतो."
डाव्या हाताच्या करंगळीचं मी विचारलं नाही.

मोबाइलवर त्याला अस्वानचा दाखवला:
बेचाळीस मीटर, आडवा,
बाजूंनी चर खणून मोकळा केलेला,
पाठ अजून खडकाला चिकटलेली.
अंगावर तडे.
उठला असता तर सगळ्यांत उंच ठरला असता.
तिथेच टाकून गेले.

दोन बोटांनी त्याने फोटो मोठा केला,
इतका की नुसता करडा रंग उरला.
"येक दिवस ह्यो बद्द वाजला आसंल," तो म्हणाला.
"ठोकनाऱ्याला आधी कळलं आसंल.
वरच्यांना मागनं.
त्यो गप ऱ्हायला आसंल. दोन दिस, चार दिस.
ठोकतच ऱ्हायला आसंल.
मुकादमाला सांगनार कोन?"

हे मी वाचलेल्यात नव्हतं.
तिथे एवढंच होतं, की
जे उभे राहिले त्यांच्यावर राजांची नावं आहेत,
खोल, उभी, वरपासून खालपर्यंत;
आणि त्यांतले कितीतरी उचलून नेले,
आता रोमच्या, पॅरिसच्या चौकांत
ट्रॅफिक बघत उभे आहेत.
जो मोडला
त्याच्यावर नाव कुणाचंच नाही.
कडेच्या चरांत गेरूच्या रेघा सापडल्या.
आज इथवर झालं, एवढंच सांगणाऱ्या.

तिम्मा काही बोलला नाही.
गाडी आली, त्याने फाटक उघडलं,
नंबर वहीत लिहिला.

रविवारी ड्यूटीच्या आधी त्याला वर बोलावलं.
चौदावा मजला. चपला त्याने लिफ्टबाहेरच काढल्या.
बाल्कनीतून डोंगराचा काप समोर येतो,
खाली डबक्यात शेवाळलेलं पाणी,
आणि पाचच्या तिरप्या उन्हात
ड्रिलच्या अर्ध्या नळ्या
कड्यावर ओळीने उभ्या.
चहा निवला. त्यावर साय धरली.
तो कठड्याला रेलून मोजत होता,
चुकत होता, पुन्हा मोजत होता.

"ती बगा," तो म्हणाला,
"वाकडी हाय ना, सातवी?
ती माजी.
त्या दिशी ताप व्हता."